जावेच्या हातचे धपाटे

माझी आणि धाकट्या जावेची मुलगी एकाच वर्गात, तिसरीत. ढोकीत आमचं घर एक, चुली दोन. संध्याकाळी दोघी शाळेतून आल्या की मी आधी दप्तरातले डबे काढून बघायची. जावेच्या लेकीचा डबा चाटूनपुसून रिकामा. माझ्या लेकीचा अर्ध्याहून जास्त भरलेला.

मी डी.एड. झालेली, धाराशिवात वाढलेली. मोबाईलवर बघून बघून डब्यात काय काय द्यायचं ते पाठ केलेलं. पनीर आणायची, ओट्सचे डोसे घालायची, सँडविच त्रिकोणी कापायची. जाऊ ईट गावची, दहावीला शाळा सुटलेली. ती ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, तीळ आणि शेताच्या बांधावरून खुडून आणलेली चिगळीची पालेभाजी घालून धपाटे थापायची. सोबत शेंगदाण्याची चटणी, मोडाची मटकी. डब्यासाठी म्हणून तिनं दुकानातून काही आणलेलं मी कधी बघितलं नाही.

एकदा मी लेकीला विचारलं, "तू दुपारी उपाशीच राहतीस का गं?"

"नाही की. काकूच्या डब्यातलं खाते. काकू माझ्यासाठी दोन जास्त घालते."

काकूला हे ठाऊक होतं आणि मला नव्हतं. त्या दिवशी मी जावेशी धड बोललेच नाही.

पुढं शाळेत पालकांची सभा झाली. वर्गाच्या बाईंनी सगळ्यांसमोर जावेला उभं केलं. म्हणाल्या, "डबा कसा असावा ते यांच्याकडून शिका. फार खर्च नाही, आणि पोरीच्या अंगी लागतंय." जाऊ लाजून खाली बघत होती. मीही टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमच्याच घरातल्या ना?" मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दोरीवर कपडे वाळत घालताना, तिच्याकडं न बघता, मी म्हणाले, "बाईंचा फोन आला होता. चटणीच्या लसणाचा वर्गात वास येतो म्हणे. पोरी नाकं मुरडतात. तू आपली चपाती-बटाटा देत जा."

"मला कुणीच सांगितलं न्हाय," ती म्हणाली. "बरं झालं ताई, तुमी सांगितलं."

दुसऱ्या दिवसापासून धपाटे बंद झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण आता दोन्ही डबे अर्धे परत यायला लागले. माझी लेक घरात शिरली की दप्तर न काढताच टोपल्यातली शिळी भाकरी खायची. "आई, वर्गात कुणीच वास येतो म्हणत नाही," ती एकदा म्हणाली. "बाईसुद्धा काकूचा धपाटा मागून घ्यायच्या."

त्याच संध्याकाळी मी मोरीपाशी गेले तर जाऊ लिंबाच्या सालीनं डबा घासत होती. धुवायची, नाकाशी धरायची, परत घासायची. धपाटे बंद होऊन आठवडा झाला होता, तरी.

मी म्हणाले, "बाईंचा फोन आलाच नव्हता."

तिचा हात थांबला. "मग?"

"माझी लेक तुझंच खाते. मला सहन होईना."

नळ बंद करून ती म्हणाली, "मला म्हणायचं ना ताई. म्या शिकवलं असतं. रोज सकाळी लेकीला जवळ घ्यायला बी लाज वाटायली होती, आपल्याच हाताला वास येतोय म्हणून."

त्यानंतर सात-आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मीही तिच्या चुलीकडं फिरकले नाही. धपाट्याचा वास मात्र परत यायला लागला. मग एका सकाळी तिनंच हाक मारली, "ताई, या. पीठ कसं भिजवायचं ते बघा."

आता धपाटे मी करते. पहिले काही फाटले, काही चामड्यासारखे झाले, हल्ली बरे जमतात. लेकीचा डबाही रिकामा येतो. तरी पहिला घास ती काकूच्या डब्यातला घेते, हे तिनंच मला सांगितलं.

परवा जावेनं तव्यावरून नजर न काढता विचारलं, "अजून जळताय का ताई?"

"व्हय," मी म्हणाले. "थोडी."

ती हसली आणि तिनं तव्यावरचा धपाटा उलटला.