पावडर लावलेलं इंजिन

लग्न होऊन मी सोलापूरला आले तेव्हा सासरच्या दारात एक मोटार उभी होती. बहात्तरचा दुष्काळ मागं पडून दोन-तीन वर्षं झाली होती. साखर पेठेतल्या त्या अख्ख्या गल्लीत सायकली सोडल्या तर चाकाचं दुसरं काही नव्हतं, त्यामुळं माझ्या माहेरी या मोटारीचा फार बोलबाला झाला होता. मोटार चालायची हे खरं. पण जिथं उभी राहील तिथं काळ्या तेलाचं थारोळं करून ठेवायची, हे लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं.

मोटार मामंजींची. मामंजी म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं ते गिरणीत फिटर होते, वाफेच्या इंजिनावर. त्यांचे मॅनेजर साहेब नोकरी सोडून परमुलखात गेले, तेव्हा ही विलायती, स्वातंत्र्याच्या आधीची चिमुकली मोटार बरोबर नेण्यासारखी राहिली नव्हती. ‘तुम्हीच ठेवा,’ असं म्हणून साहेबांनी ती मामंजींना देऊन टाकली. मामंजींनी चार माणसं लावून ती ढकलत दारात आणली आणि निवृत्त झाल्यावर महिनाभर खपून चालू केली. तेल मात्र थांबेना. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एक जुनी परात इंजिनाखाली सरकवून दिली होती. सकाळी उठून मामंजी परातीतलं तेल धोतराच्या फडक्यातून गाळायचे आणि पुन्हा इंजिनात ओतायचे.

‘हिला तेल घालायचंच कशाला?’ आमचे हे म्हणायचे. ‘परातच वर बांधून टाका की.’

हे कचेरीत कारकून. इस्त्रीचे कपडे, खिशाला पेन. मोटारीपासून चार हात लांब चालायचे.

दिवाळी आली. पहिला दिवाळसण माझ्या माहेरी, जेऊरला व्हायचा होता. जेऊरला रेल्वे स्टेशन आहे, आमचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. गाडीत बसलं की थेट दारात उतरल्यासारखं. पण मामंजींनी जाहीर केलं, ‘जायचं तर मोटारीनं. न्हायतर मी येत न्हाय.’ पंधरा दिवस उरले होते.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सासरी येऊन पाच महिने झाले होते आणि मामंजींपुढं मी ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ याच्या पलीकडे गेले नव्हते. डोक्यावर पदर, नजर खाली. सासरी निघताना आईनं बजावलं होतं, ‘तितं इंजिनाचं काय बोलू नगंस. सैपाक येतो, शिवण येतं, एवढंच सांग.’ त्याला कारण होतं. आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं आणि मी घरात थोरली. दहाव्या वर्षापासून दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हाताखाली पाने-पकडी देत होते. पुढं पुढं दादा बांधावर बसून पान खायचे आणि इंजिन मीच उघडायची.

मामंजींनी पहिल्यांदा तेल सोडायच्या बोल्टाचं वायसर बदललं. तांब्याचं वायसर चुलीत लाल करून, पाण्यात विझवून, किती नजाकतीनं बसवलं! दुसऱ्या दिवशी परात भरलेली. मग इंजिनाखालचं चेंबर, ज्यात सगळं तेल साठतं, ते उतरवलं. त्याच्या कडेचं पॅकिंग नव्या पेठेत कुठल्याच दुकानात मिळेना. दुकानदार मोटारीचं नाव ऐकून हसायचे. शेवटी कॉर्कचा तक्ता आणला, चेंबरवर ठेवून कडेनं हळूहळू हातोडी ठोकत आकार काढला, शेलॅक, म्हणजे चिकट लाख, लावून बसवला. तेल पुन्हा आलं. मामंजींनी रागानं बोल्ट इतके आवळले की कॉर्क फाटून बाहेर आला.

मी तेव्हा चहा घेऊन उभी होते. मामंजी मोटारीखाली डोकं घालून आडवे, पोट आणि पाय बाहेर. मी वाकून पाहिलं. चेंबर ओलं होतं, पण त्याच्या वरचा भागही ओला होता, आणि वरचं तेल ताजं होतं. दादांनी मला इंजिनाची पहिली गोष्ट हीच शिकवली होती, की थेंब पडतो तिथं कधी बघायचं नाही. मी गप्प बसायचा फार प्रयत्न केला. खरंच केला. पण तोंडातून निघून गेलं.

‘मामंजी, तेल हितनं गळत न्हाय. हितं नुसतं येऊन टपकतंय. गळतंय वरनं.’

खालची ठोकाठोक थांबली. पाय हलले. मग हळूहळू मामंजींचं तेलकट डोकं बाहेर आलं.

‘तुला इंजिनातलं कळतंय?’

‘थोडं.’

‘किती थोडं?’

मी पदर सारखा केला. आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. ‘आमच्या हिरीवरल्या इंजिनाचं पॅकिंग मी चारदा बदललंय.’

मामंजी उठून उभे राहिले. मग घराकडं तोंड करून त्यांनी जी आरोळी ठोकली ती गिरणीच्या भोंग्यासारखी सगळ्या गल्लीनं ऐकली. ‘अगं ए! ऐकलंस का? सून फिटर हाय आपली, फिटर!’

आत्याबाई हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर आल्या. ‘काय हाय?’

‘फिटर!’

‘अगं बया,’ आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मी नऊवारी नेसून झाडावर चढून बसले आहे.

त्या दिवसापासून आमच्या घरात शिस्त अशी राहिली नाही. मामंजींनी विचारलं, वरून म्हणजे कुठून? मी सांगितलं, दादा इंजिन रॉकेलनं धुऊन, कोरडं करून त्यावर चाळलेली राख उडवतात. मग इंजिन चालू करायचं. तेल जिथून निघेल तिथं राखेवर काळी रेघ उमटते. मामंजींना राख पसंत पडली नाही. ‘आत गेली तर कानशीवानी घासंल. दुसरं कायतरी मऊ पायजे.’

मऊ म्हणताच माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. रुखवतात मावशीनं दिलेला गुलाबाच्या वासाचा पावडरचा डबा. मी अजून तो फोडलाही नव्हता, इतका जपला होता. धावत जाऊन घेऊन आले.

इंजिन रॉकेलनं धुतलं. आम्ही दोघांनी मिळून त्याला पावडर लावली, कानाकोपऱ्यातून, लहान लेकराला लावतात तशी. वरून मामंजींना दिसत होतं, खालून बघायला मात्र त्यांचं पोट आड येत होतं. मोटार विटांवर चढवली तरी ते अर्ध्यातच अडकायचे. मी म्हटलं, मी जाते. आत्याबाई म्हणाल्या, ‘लुगडं पंख्यात गुतलं म्हंजी?’ आणि आत जाऊन ह्यांचा एक जुना पायजमा घेऊन आल्या. स्वतः! ज्या आत्याबाई माझा पदर दोन बोटं मागं सरकला तर खोकायच्या त्या!

पायजमा आणि झंपर घालून मी मोटारीखाली गेले. समोरच्या घरातली विणकराची बायको, तेलुगू बोलणारी, सूत उकलत ओट्यावर बसली होती. ती उभीच राहिली. ‘अय्यो! कोडलु बंडि किंद!’ सून गाडीखाली! दोन मिनिटांत तिच्या सगळ्या मैत्रिणी ओट्यावर जमल्या.

मामंजींनी हँडल मारलं. इंजिन धडधडलं आणि पंख्याच्या वाऱ्यानं पावडरचा एक मोठा ढग उठला. माझ्या नाकातोंडात, मामंजींच्या मिशीत, ओट्यावरच्या बायकांच्या अंगावर, सगळीकडं गुलाबाचा वास. ‘दिसतंय का?’ मामंजी वरून ओरडत होते. मला शिंका येत होत्या. डोळे पुसून बघितलं, तर एक नाही, चार ठिकाणी रेघा उमटल्या होत्या. वरच्या झाकणाच्या कडेनं, पुढच्या बाजूनं, मागच्या जोडातून. आणि तेल मोजायची पट्टी तर भोकातून वर उडायला बघत होती, तिच्या बुडातून तेल थुंकत होतं.

‘मामंजी, चार जागी हाय! एकदम चार जागी कसं?’

मामंजींनी इंजिन बंद केलं. मग जमिनीवर आडवे झाले आणि पलीकडच्या बाजूनं माझ्याकडं बघत म्हणाले, ‘बॉयलरमदी वाफ कोंडली की सगळ्या जोडातनं थुकतो. एका जोडाचा दोष नसतो तवा. हिच्या पोटात हवा कोंडलीया. हवा जायची नळी आसंल बघ कुटं, खाली तोंड केल्याली.’

मी चाचपडत राहिले. इंजिनाच्या कुशीत अंगठ्याएवढी नळी हाताला लागली. तोंडावर काळ्या चिकट मळाचा थर. त्यात बोट घातलं.

‘मामंजी, आत कायतरी मऊ हाय.’

‘मऊ?’

‘मऊ. आन् केसाळ.’

‘उंदीर आसंल,’ मामंजी शांतपणे म्हणाले.

मी किंचाळले, डोकं चेंबरवर आपटलं, ओट्यावरच्या बायकाही काही न कळता किंचाळल्या. मामंजींनी पक्कड सरकवली. डोळे मिटून मी पक्कड आत घातली आणि ओढलं. ते यायला लागलं आणि येतच राहिलं. हातभर लांब. डोळे उघडून पाहिलं, तर लोकरीचा मोजा. गुडघ्यापर्यंतचा, चौकटीचा.

मामंजींनी तो चिमटीत धरून उजेडात नेला, फिरवून पाहिला. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. ‘ह्यो सायबाचा! सायबाचा मोजा ह्यो! बाईसायबांस्नी इंजिनाच्या वासानं मळमळायचं, लई तक्रार करायच्या. त्या बाबानं नळीच बुजवली!’

आणि ते हसायला लागले. आडवे पडूनच. पांढरी मिशी, पांढरे गाल, हातात तो मोजा. मला आधी हसू दाबता आलं, मग नाही आलं. मोटारीच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी, मधे इंजिन. एक थांबला की दुसऱ्याला उकळी फुटायची. पोट दुखायला लागलं. सासऱ्यांपुढं दात दिसू नयेत म्हणून पदर शोधायला गेले तर पदर कुठला, अंगावर पायजमा.

नेमके तेव्हाच हे कचेरीतून आले. सायकल हातात धरून उभे राहिले. मोटारीखालून पायांच्या दोन जोड्या बाहेर, त्यातल्या एकीत त्यांचा पायजमा.

‘कोण हाय खाली?’

‘तुझी बायकू!’ मामंजी ओरडले, आणि आम्ही पुन्हा फुटलो.

आत्याबाई एवढा वेळ मामंजींच्या हातातला मोजा निरखत होत्या. अगदी गंभीरपणे त्यांनी विचारलं, ‘दुसरा कुटं हाय ह्याचा?’

त्यानंतर ओट्यावरच्या बायकांनाही कुणी आवरू शकलं नसतं.

पण काम अजून बाकी होतं. कोंडलेल्या हवेनं जुनी पॅकिंगं सगळी खिळखिळी केली होती. पुढचे पाच दिवस मामंजी आणि मी झाकणं उतरवत होतो, कॉर्क कापत होतो, बोल्ट आवळत होतो. ते कोपऱ्यातला एक आवळायचे, मी त्याच्या समोरचा. जास्त जोर लावला की मी ‘मामंजी, कॉर्क’ म्हणायची आणि ते लगेच हात काढायचे. स्वयंपाक आत्याबाई करत होत्या. दुपारी भाकरीचा तुकडा त्या माझ्या तोंडात भरवून जायच्या, कारण माझे हात कोपरापर्यंत काळे असायचे. ह्यांनीही एकदा बाह्या दुमडल्या. एक बोल्ट पुसला, मग साबण मागितला.

शेवटच्या दिवशी पुन्हा धुऊन पावडर लावली. या खेपेला आत्याबाईंच्या डब्यातली, माझी संपली होती. इंजिन अर्धा तास चालवलं. पांढरंशुभ्र राहिलं. परातीच्या जागी ह्यांनी वर्तमानपत्र पसरलं. सकाळी मामंजींनी ते मोटारीखालून काढलं, खुर्ची मांडून दारात बसले आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. एकही अक्षर बुडालं नव्हतं.

दिवाळीला आम्ही मोटारीनं निघालो. मामंजींनी चालवायला शिकवलं होतं म्हणून हे नाइलाजानं स्टिअरिंगवर, मामंजी शेजारी, आत्याबाई आणि मी मागं, मांडीवर अनारशांचा डबा. मोहोळपर्यंत मामंजींनी सहा वेळा मोटार थांबवायला लावली आणि सहा वेळा रस्त्यावर आडवे झाले. प्रत्येक वेळी उठताना धुळीचं कोरडं बोट आम्हाला दाखवायचे. जेऊरला पोचलो तर दारात दादा उभे, मागं आई. मामंजींनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पहिलं वाक्य, ‘पोरगी न्हाय दिली तुमी, फिटर दिला!’ आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी डबा घेऊन सरळ आत पळाले. दादा मात्र तिथंच उंबऱ्यावर बसले आणि सगळी गोष्ट ऐकत बसले. मोज्याचा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला.

परत येताना, टेंभुर्णी मागं पडल्यावर, रस्ता सरळ आणि रिकामा होता. दोन्ही बाजूंना ज्वारी. मामंजींनी ह्यांना मोटार बाजूला घ्यायला सांगितलं. मला वाटलं, पुन्हा खाली बघणार. पण ते दार उघडून मागं आले आणि म्हणाले, ‘जा, पुढं बस. त्याला म्हण सरक.’

‘मला चालवता येत न्हाय, मामंजी.’

‘मला तरी आदी कुटं येत हुतं?’

हे निमूट सरकले. मी चप्पल काढून ठेवली. क्लच सोडताना मोटारीनं दोनदा उडी मारली, आत्याबाईंचं डोकं छताला लागलं, आणि मग एकदम ती चालायला लागली. माझ्या हातानं. दोन्ही बाजूंची ज्वारी मागं जायला लागली. मी श्वास धरून बसले होते, स्टिअरिंग इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली. मला वाटत होतं, मी वाऱ्यासारखी चालले आहे.

मागून घंटी वाजली. एक दूधवाला, सायकलला दोन्हीकडं कॅन लटकवलेले, आमच्या बाजूनं आला, खिडकीतून आत डोकावून ‘राम राम’ म्हणाला आणि पुढं निघून गेला.

‘आगं, पळव की जरा!’ आत्याबाई मागून ओरडल्या. ‘दूधवाला म्होरं चाललाय!’

मला हसू इतकं आलं की रस्ता दिसेना. हे ‘समोर बघ, समोर बघ’ म्हणत होते, मामंजी मागं बसून मांडीवर थापा मारत होते, आणि मी पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर दाबत चालले होते.