साडूंचे स्वीडिश गोळे

जगातली एखादी गोष्ट अवघड असू शकते, हे आमच्या साडूंना आजवर कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. बेळगावजवळच्या मच्छ्याच्या एका फौंड्रीत लोखंड वितळवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि ज्या माणसानं आयुष्यभर धगधगतं लोखंड साच्यात ओतलं त्याला संसारातल्या बाकी गोष्टी कोमट वाटणं साहजिकच आहे. "सोप्पं हाय, पाव्हणं," हे त्यांचं वाक्य ऐकू आलं की आमच्या घरातली माणसं हातातली वस्तू पाठीमागे लपवतात. आमचा मिक्सर असाच सोपा होता. अण्णांनी तो उघडला, आतला सगळा ऐवज वर्तमानपत्रावर मांडला, पुन्हा बसवला, तरी एक स्प्रिंग उरली. "कंपनीनं जास्तीची दिल्याली दिसत्या," असं म्हणून त्यांनी ती माझ्या खिशात घातली. तेव्हापासून आमचा मिक्सर सुरू केला की ओट्यावरून चालत खिडकीपर्यंत जातो. चटणी वाटायची तर घरातल्या एकानं त्याला मिठी मारून उभं राहावं लागतं.

लोखंड दिसलं की अण्णांचं भान हरपतं. बेळगावात कॅम्पातून त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे दर गटाराच्या झाकणापाशी थांबणं. भर रस्त्यात उभं राहून ते झाकणावर बुटाची टाच आपटतात, मान तिरकी करून आवाज ऐकतात, मागे रिक्षांची रांग लागते, आणि हे मला सांगत असतात, "ह्येचं ओतकाम बघा! चाळण हाय का झाकण?" एकदा एका लग्नात रुखवतात मांडलेला बिडाचा तवा त्यांनी बोटाच्या पेरानं वाजवला आणि भरल्या मांडवात जाहीर केलं, "ह्यो वर्षभरात तडकनार." नवरीच्या आईला वाटलं, हे संसाराबद्दल बोलताहेत. तिला पाणी द्यावं लागलं.

खाण्याच्या बाबतीत तर त्यांच्याशी बोलणंच नको. मटण म्हणजे तांबडा रस्सा, आणि तो खाताना कपाळावरून घाम ओघळला नाही तर ती दुधी भोपळ्याची भाजी, असं त्यांचं ठाम मत. मात्र स्वयंपाकघरात पाऊल टाकायची त्यांना बंदी होती. आमच्या आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, शांत बाई आहेत. पण मिक्सरची हकिगत कळल्यावर त्यांनी गॅसची शेगडी आणि अण्णा यांच्यात कायमचं अंतर ठेवलं होतं.

त्यांची एकुलती लेक गौरी नोकरीसाठी स्वीडनला गेली. जाताना तिनं आईला एक ओव्हन घेऊन दिला. आक्कांनी त्यात पापडाचे डबे ठेवले, कारण तिथवर मुंग्या पोचत नसत. गौरी ऑफिसातून घरी आली की फोन करायची. तेव्हा आपल्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ झालेली असते. अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय केलीस जेवायला?" आणि बऱ्याच वेळा उत्तर यायचं, "मीटबॉल, अण्णा. खिम्याचे गोळे. ओव्हनमध्ये टाकले की आपले आपण होतात. वर साईचा रस्सा, बाजूला उकडलेला बटाटा आणि थोडा जाम."

"मटनासंगं जाम?" अण्णांना हे सहनच झालं नाही. त्यांनी ते दूधवाल्याला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, निपाणीला मला फोन करून सांगितलं. त्यात चेष्टा होती तोवर ठीक होतं. पण एका संध्याकाळी गौरीशी फोनवर बोलताना त्यांचा तोल गेला. "एवढं शिकवलं ते काय गोळे आन जाम खायाला? ह्ये जेवन हाय व्हय? त्यापरीस हितंच ऱ्हायली असतीस तर काय बिघडलं असतं?" मग गौरी म्हणाली, "ठेवते, अण्णा."

त्यानंतर तिचे फोन आक्कांच्या मोबाइलवर येऊ लागले. अण्णांशी ती बोलायची, नाही असं नाही. "बरी आहे. जेवले." एवढंच. काय जेवली ते सांगायची नाही, आणि विचारायची यांची हिंमत नव्हती. आक्कांनी हे माझ्या बायकोला सांगितलं, तिनं मला. मला ते तितकंसं गंभीर वाटलं नव्हतं. पण पुढच्या खेपेला कॅम्पातून अण्णांबरोबर चालत गेलो, तर हा माणूस सलग चार झाकणं न थांबता ओलांडून गेला. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

आणि मग एके दिवशी त्यांचा फोन आला. "पाव्हणं, बुधवारी सांजच्याला दोघंबी जेवायला या. मी करनार हाय."

"तुम्ही? काय करणार?"

"स्वीडनचे गोळे. लई सोप्पं हाय."

बुधवार म्हणजे कामाचा दिवस. पण आम्ही दोघं कचेरीतून परस्पर निपाणीच्या स्टँडवर गेलो आणि बेळगावची बस धरली. असलं काही घडत असताना माणसानं घरी बसू नये.

पोचलो तेव्हा आक्का स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसल्या होत्या. आत अण्णा फौंड्रीतला जुना चामडी एप्रन बांधून उभे. पापडाचे डबे टेबलाखाली उतरवलेले. खिमा त्यांनी कॅम्पातून दोनदा बारीक करून आणला होता. खाटकानं विचारलं, "सीख कबाब बना रहे हो क्या?" हे म्हणाले, "नहीं, स्वीडिश गोळे." त्यावर तो बिचारा विचारात पडला, "वो कौन से मोहल्ले में बनता है?" जामची सोय लोंढ्याच्या नातेवाइकांकडून झाली होती, त्यांनी पाठवलेला करवंदांचा मुरंबा बरणीत होता. मिरी, जायफळ, लवंग कुटून तयार होतं. हे सगळं पाहून मी जरा भारावलोच होतो, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "मोबाइलवर गोळ्यांचा व्हिडिओ बघितला, त्येत दुधात भिजवल्याला पाव घाल म्हणत्यात. भेसळ हाय ती. आपण नुस्ता माल वापरायचा."

नुसता माल त्यांनी परातीत घेतला आणि साच्यात वाळू ठासावी तसा दोन्ही मुठींनी ठासला. एकेक गोळा करून तळहातावर आपटून बघितला. ओव्हनचा काटा शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवला. "जाळ कमी पडला तर माल कच्चा ऱ्हातो," ते मला म्हणाले. आक्का छताकडे बघत होत्या.

थोड्या वेळानं धूर आला. मग ट्रे आला. गोळे काळे, चकचकीत आणि एकसारखे होते, हे मान्य करायला हवं. माझ्या बायकोनं एक उचलला, तो हातातून निसटून फरशीवर पडला, टणकन वाजला आणि घरंगळत ओसरीपर्यंत गेला. तिथं बसलेल्या मांजरानं तो हुंगला आणि ते जागा बदलून बसलं. अण्णांनी स्वतः एक दाताखाली धरला. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण गोळा हळूच परत ताटलीत ठेवला.

"ह्येला आता गिऱ्हाईक मच्छ्यातच मिळंल," आक्का म्हणाल्या. आणि उठून, अण्णांना काही न विचारता, त्यांनी गौरीला व्हिडिओ कॉल लावला. "गौरे, तुझे अण्णा बोलायचं म्हणत्यात," असं सांगून मोबाइल त्यांच्या हातात दिला.

अण्णांनी तो तापलेली वस्तू धरावी तसा दोन बोटांत धरला. पडद्यावर गौरी, अंगावर अजून कोट तसाच.

"गोळे कडक झाल्यात," अण्णा म्हणाले.

"कसले गोळे?"

"तुझे."

गौरीला क्षणभर कळेना. अण्णांनी मोबाइल ट्रेवर धरला.

"तुम्ही केलेत? आपल्या ओव्हनमध्ये?" तिचा आवाज बदलला. "अण्णा, पाव घातलात का?"

"न्हाय."

"का?"

"भेसळ वाटली."

"आणि दाबलेत किती?"

"दाबलं जरा."

"अण्णा, खिमा आहे तो, फौंड्रीतला पंपाचा भाग नाही! पाव दुधात भिजवायचा, कांदा किसून घालायचा, एक अंडं, आणि हलक्या हातानं वळायचं. नुसता आकार द्यायचा. ओव्हन मध्यावर ठेवा."

"व्हय," अण्णा म्हणाले.

माझ्या बायकोनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. अण्णांनी कुणाचं ऐकून नुसतं 'व्हय' म्हटलेलं आम्ही त्याआधी ऐकलं नव्हतं. उरलेल्या खिम्याचे गोळे त्यांनी लेकीच्या देखत पुन्हा वळले. इतक्या अलगद, की दोन-तीन जरा बसकेच झाले. "असू दे का असं?" "असू दे," गौरी म्हणाली. लोण्यात मैदा परतून त्यात हाडांचं पाणी आणि साय घालून रस्सा कसा करायचा तेही तिनंच सांगितलं. आक्का शेगडीपाशी गेल्या खऱ्या, पण पळी अण्णांच्याच हातात ठेवली.

ताटं वाढली. अण्णांनी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. "थांबा," गौरी म्हणाली, "माझेही कालचे उरलेत, गरम करून घेते." ती उठून गेली आणि पडद्यावर तिची खोली तेवढी उरली. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. छोटं टेबल, त्यावर एक ताटली, एक ग्लास. अण्णा बराच वेळ त्या ताटलीकडे बघत राहिले.

ती येऊन बसली तेव्हा त्यांनी विचारलं, "रोज एकटीच बसतीस?"

"मग आणखी कोण असणार, अण्णा?"

अण्णांनी मान खाली घातली. गोळा मोडला, मुरंब्याला लावून तोंडात घातला. सावकाश चावला. "गौरे, मी तवा जे बोललो..." एवढं म्हणून ते अडकले. पाणी प्यायले. "ह्यो जाम बरा लागतोय ह्येच्यासंगं," ते म्हणाले.

गौरीनं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. "कळलं, अण्णा. जेवा."

मग सगळे जेवलो. चमच्यांचा आवाज दोन्हीकडून येत होता. आता दर बुधवारी त्यांच्याकडे गोळे होतात, आणि तांब्याला टेकलेला मोबाइल पंगतीला असतो. आम्हालाही अधूनमधून बोलावणं येतं. मागच्या खेपेला स्टँडवर आम्हाला सोडायला आले तेव्हा मी सहज विचारलं, "अण्णा, खरं सांगा, तुम्हाला आवडतात का ते गोळे?"

त्यांनी इकडं-तिकडं बघितलं, आक्का जवळपास नाहीत याची खात्री केली. "चवीला काय न्हाय, पाव्हणं," ते हळूच म्हणाले. "तिखट न्हाय, काय न्हाय. खरं, लेक तिकडं काय खाती ते तरी आता तोंडाला ठावं झालंय."