कूलरच्या टाकीतलं जेवण

कोकणातल्या प्रयोगशाळेत समुद्रघोड्यांसाठी जिवंत कोळंबीची पिल्लं गाळताना कूलरच्या शिळ्या पाण्यासारखा वास येतो आणि मी लहानपणीच्या, विदर्भातल्या अल्लीपूरला पोचते.

तिथे मी पाळलेला मासा कोरडे दाणे खायचा नाही. कूलरच्या टाकीतल्या डासांच्या अळ्या मात्र झडप घालून खायचा. एका दुपारी त्या मारायला बाबा रॉकेल घेऊन आले. मी आडवी उभी राहिले.

"दोन दिवस उपाशी ठेव त्याले. मंग कसा खात नाई, पायतो!"

"तुमीच राहून पाहा ना दोन दिवस उपाशी!"

थप्पड बसली. तरी चहाच्या गाळणीनं शेवटची अळी काढूनच मी बाजूला झाले.

आज प्रयोगशाळेचे साहेब समुद्रघोड्यांबद्दल म्हणाले, "उपाशी ठेवा, मेलेलं खायला शिकतील."

समुद्रघोड्याला जठरच नसतं. त्याला दिवसातून अनेकदा खावं लागतं. मी गाळणी खाली ठेवली नाही.

"साहेब, आधी तुमचा डबा इकडे द्या."