चकचकीत दार

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सिरसाळ्याच्या आमच्या अंगणात मी आणि मेहुणा होतो, बायको ओट्यावर बसली होती. तिच्या उपचारासाठी गाडी विकून तीन लाख उभे करायचे होते. मेहुण्याचा फोटो स्टुडिओ. तो म्हणाला, "दाजी, ऊन कलू द्या. खाली बसून गाडीच्या दिव्यांच्या उंचीवरून काढा, पुढचं चाक जरा वळवा." मी गाडीचं दार पॉलिशनं आरशासारखं घासलं. फोटो झकास आले. ते जाहिरातीत बघून गिऱ्हाइकाचा फोन आला, "गाडी लई भारी, पण दारात ओट्यावरच्या बाई दिसतात. डोक्यावर केस न्हाईत. नड हाय तुमची, दोन देतो." "अजून चमकवा दार!" बायको हसली. ते दोन लाख अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेले. अजूनही पॉलिशचा वास आला की हिशेब तिथंच येऊन थांबतो: तिचा देह घरी आणायला गाडी भाड्यानं केली, ड्रायव्हरला अडीच हजार दिले.