दोन रेघा

आत्यानं लेकासाठी माझ्या थोरल्या बहिणीला मागितलं, तेव्हा मी अठराची होते. मामाची पोरगी करायची आमच्यात रीतच. पण मामाला पोरी दोन होत्या, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ती गोरी, मी नुसती सातवी पास! तिच्या हळदीत मी राबले आणि मनातून जळले. बांगलादेशची लढाई संपून तिचे फौजी मालक कोरेगावला रजेवर आले, तेव्हा तिला साडी आणि मला टिकल्यांचं पाकीट. 'दाजी' म्हणताना माझी जीभ अडखळायची.

तिची दोन्ही पोरं बहिरी निघाली. आत्या म्हणू लागली, सुनेतच खोट हाय, हिला माहेरी धाडू आन् धाकटीला करू. थोरली मान खाली घालून भाकरी थापत राहिली. आणि मी? मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू.

पोरांना घेऊन आम्ही दोघी सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर अख्खं घराणं मांडलं. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बायका; बहिऱ्यांचे आतून काळे. आमच्या आज्याची एक बहीण बहिरी होती, तिचाही गोल काळा झाला. नवराबायकोत एक रेघ. थोरली आणि दाजींमध्ये मात्र दोन, कारण नात्यातलं लग्न. मेलं कागदावरसुद्धा तिला एक रेघ जास्त, असं मला वाटलं.

डॉक्टर म्हणाले, दोष हिच्या एकटीचा नाही, आज्याच्या घरातून तो दोघांतही उतरला असणार.

"तिच्या जागी तिची बहीण असती तर?" मी विचारलंच.

"तरी पोरं अशी होऊ शकली असती. तिथंही दोनच रेघा."

एसटीत कागद माझ्या पिशवीत होता. तो फाडला असता तर थोरलीचं कोण ऐकणार होतं? ती फक्त एवढंच म्हणाली, "आत्याला तूच सांग."

थोरलीच्या घरी मी पोराची पाटी घेतली आणि आत्यापुढं सगळं काढून दाखवलं. शेवटी माझा गोल काढला, आणि दाजींच्या चौकोनापर्यंत दोन रेघा ओढल्या. सावकाश ओढल्या.

"आत्या, हितंबी त्येच व्हनार. खोट तुज्या ल्योकातबी हाय."

माझा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. त्या दिवशी थोड्या वेळानं थोरलीनं पाटी मागितली, पोरगं रडत होतं. मी पदरानं पुसून दिली. तिच्या रेघा आधी पुसल्या, माझ्या मागनं.