पदराखालचा पट्टा

डोकं खाली, पाय वर अशी मी लटकले होते. तोंडात माझाच पदर गेला होता आणि चष्मा कुठे पडला ते कळत नव्हतं. डाव्या खांद्यावर कुणी पहार ठेवून दाबावी तसं दुखत होतं. गाडीचं छत आता खाली होतं. त्यावर बहिणीने दिलेली तुरीची डाळ पसरली होती आणि पिशवी अजून गळतच होती. शेजारी माझी सून तशीच उलटी लटकली होती. स्टेअरिंग तिने सोडलं नव्हतं.

तिने आधी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि मग मला विचारलं, "आई, जित्त्या हाव ना?"

हा क्रम मला आवडला.

"जित्ती हाव. पन हा पट्टा मले सोडून नाई राह्यला."

"थांबा, एकदम सोडू नका. पयले एक हात वर... म्हंजे खाली, छताले टेकवा. मंग बटन दाबा."

तिचं ऐकायला पाहिजे होतं. मी नुसतं बटण दाबलं आणि डोक्यावर डाळीत पडले.

आम्ही कारंज्याहून मंगरूळपीरला घरी येत होतो. कारंज्याला माझी धाकटी बहीण असते. दुपारची वेळ होती, रस्ता मोकळा होता, सून काही जोरात चालवत नव्हती. एकाएकी शेतातून रोही आडवी आली. आमच्याकडे नीलगायीला रोही म्हणतात. तपकिरी होती, म्हणजे मादी. सुनेने ब्रेक दाबला, गाडी रस्त्याखाली उतरली, नालीत एक चाक गेलं आणि ती सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे भुशाच्या ढिगावर, उलटी झाली. रोही पलीकडे उभी राहून आमच्याकडे बघत होती. मग निघून गेली.

खिडकीतून आम्ही आपल्याआपण बाहेर आलो. शेतातली दोन माणसं धावत आली तेव्हा आम्ही बांधावर बसलो होतो आणि मी केसांतली डाळ काढत होते. लटकलेलं आम्हाला कुणीच पाहिलं नाही, आणि पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

डॉक्टरने सांगितलं, मोडलं काही नाही. माझ्या मुलाने मात्र घरी येताच बायकोकडून गाडीची चावी घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"आता तू गाडी नाई चालवाची. माह्या मायले घेऊन पलटी मारली तुनं."

 सून सरकारी नर्स आहे. तिचं उपकेंद्र अशा गावी आहे की तिथली बस सकाळी जी जाते ती संध्याकाळी परत येते. मधे बस नाही. कुणाचं बाळंतपण अडलं तर नर्स बसची वाट पाहत बसेल काय? म्हणून तिने गाडी शिकून घेतली. वर्षभर ती रोज चालवत होती. माझ्या मुलाने तेवढ्यात ती जास्तीत जास्त धुतली.

तो वाईट नाही. पण गाडी त्याला चालवायला नको असते, उघडायला पाहिजे असते. मी त्याला बहिणीकडे ने म्हटलं की तो रविवार सांगतो, आणि रविवार आला की घरासमोरच्या निंबाखाली बॉनेट उघडून उभा राहतो. मग त्याचे दोन मित्र येतात. एक एसटीतून रिटायर झालेले मेस्तरी, दुसरे शाळेतले गुरुजी. तिघं मिळून तेलाची कांडी काढतात, पुसतात, परत घालतात, परत काढतात. रेडिएटरमध्ये साधं पाणी टाकावं की हिरवं औषध, यावर त्यांचा दीड वर्षापासून वाद आहे. उंदीर वायर कुरतडू नयेत म्हणून इंजिनापाशी तंबाखूची पुडी बांधतात. तंबाखू माझी असते. मला विचारत नाहीत.

गुरुजींचा दुसरा शौक चलानाचा. कॅमेऱ्याने काढलेलं चलान कुणालाही आलं की तो मोबाइल घेऊन गुरुजींकडे येतो. गुरुजी तक्रार लिहून देतात. जिंकले किती ते विचारलं की ते विषय बदलतात.

मुलाचा राग दोन-चार दिवसांत उतरला असता. पण चौथ्या दिवशी त्याच्या मोबाइलवर चलान आलं. गाडी उलटायच्या अर्धा तास आधी, कारंज्यातून निघताना कॅमेऱ्याने आमचा फोटो काढला होता. फोटोत सुनेच्या अंगावर पट्टा दिसत होता. माझ्या अंगावर नव्हता.

"पाय," तो बायकोला म्हणाला, "सोता लावला आन माह्या मायले तसंच बसवलं. अशा मानसाच्या हातात गाडी देऊ काय मी?"

"लावला होता," सून म्हणाली. एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा सांगायची तिला सवय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन बसस्टँडवर गेली आणि रात्री जेवायच्या वेळेला आली. मग रोज तसंच सुरू झालं.

मीही सांगितलं की पट्टा लावला होता. पण फोटो पाहून मलाच कोडं पडलं. पट्टा नसता तर मी लटकले कशी असते? आणि होता तर गेला कुठे?

रविवारी त्यांनी गाडी ओढून निंबाखाली आणली. छत दबलेलं, समोरची काच नाही, माझ्या बाजूचं दार उघडत नाही. तिघांचे चेहरे लग्नघरासारखे खुलले होते. इतकं काम त्यांना कधी मिळालं नव्हतं.

"छत ठोकून निंगते," मेस्तरी खाली वाकून पाहत म्हणाले. "खालची चेसी सरळ हाये. काच तेवढी नवी लागन."

"ते होईन मंग. पयले चलान दाखव," गुरुजी म्हणाले. मुलाने मोबाइल दिला. गुरुजींनी फोटो बोटांनी मोठा केला, नाकापाशी धरला, लांब धरला. "बाप्पा! लुगडं दिसते. पट्टा काई दिसत नाई."

मी चहा घेऊन गेले होते. "लावलता मी," मी म्हटलं.

"माय, तू तिची बाजू काहून घेऊन राह्यली?" मुलगा म्हणाला.

मी सुनेची बाजू घेते असं आमच्या गल्लीत सांगितलं तर लोक मलाच दवाखान्यात नेतील. मी म्हटलं, "बाजू नाई घेऊन राह्यली. झालं ते सांगून राह्यली."

"काकू, मशीन खोटं नाई बोलत," गुरुजी म्हणाले.

"तुमाले कारमदे बसून हेल्मेट नाई घातलं म्हनून चलान आलतं, तवा मशीन काय बोललं?"

मेस्तरींच्या नाकातून चहा आला. गुरुजी म्हणाले ती केस वेगळी होती.

मेस्तरी तोंड पुसून गाडीत शिरले. "थांबा," ते आतून म्हणाले. "पट्ट्यावर वजन आलं असन तर पट्टाच सांगन." त्यांनी माझ्या सीटचा पट्टा हळूहळू पूर्ण बाहेर ओढला आणि बोटांनी चाचपत गेले. एका जागी थांबले. "हे पाय. अठी घासला. धागे फुगले. रिकाम्या पट्ट्याले असं होत नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काकू, कोनता खांदा दुखते?"

"डावा."

"बरोबर. त्या सीटचा पट्टा डाव्याच खांद्यावर येते."

मी पदर बाजूला करून खांदा दाखवला. हातभर लांब पट्टा उमटला होता, मधे निळा आणि कडेला पिवळा पडत चाललेला. मुलाने तोंड फिरवलं.

"माय! लोकायसमोर?"

"काय माय? याच खांद्यावर बसून तू बाजार पाह्यला."

 पण सहज हार मानेल तर तो माझा मुलगा कसला. म्हणाला, "ठीक हाये. उलटली तवा लावला असन. पन फोटोच्या वेळी नाई ना? म्हंजे गाव सोडल्यावर लावला. गाडी सुरू कराच्या आंधी लावून घ्याले पायजे व्हता तिनं."

 गुरुजींनी परत मोबाइल नाकापाशी धरला. सून दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या हातात कणीक होती. ती आत जायला वळली.

तेव्हा मेस्तरी म्हणाले, "काकू, बसा गाडीत. त्या दिवशी जशा बसल्या तशाच बसा. काई सोडू नका."

माझं दार उघडत नव्हतं म्हणून मी सुनेच्या बाजूने शिरले आणि सरकत सरकत माझ्या जागी गेले. छत इतकं दबलं होतं की मान वाकवून बसावं लागलं. पट्टा ओढला. उजवीकडे खटका लावला. मग समोर बघत बसले.

समोर तिघंही माझ्याकडे टक लावून पाहत होते.

"काय झालं?" मी म्हटलं.

"काकू," गुरुजी म्हणाले, "आता तुमी काय केलं?"

"काय केलं? पट्टा लावला."

"त्याच्यानंतर?"

मी खाली पाहिलं. पट्टा दिसत नव्हता. मी डोक्यावरून पदर घेतला होता, डाव्या खांद्यावरून छातीवर आणला होता आणि त्याचं टोक उजव्या कमरेला खोचलं होतं. केव्हा केलं ते मला आताही सांगता येणार नाही. कापूस वेचताना झोळी बांधली, गवताच्या भाऱ्याचा दोर खांद्यावर घेतला, लेकरू बांधलं, जे काही अंगाला बांधलं त्यावरून पदर घ्यायचा हेच माझ्या हातांना ठाऊक आहे. गाडीचा पट्टा छातीवर आडवा बसतो, बाईमाणसाला ते बरं दिसत नाही. इतका विचारसुद्धा मी कधी केला नव्हता. हातांनीच केलं.

"हलू नका," गुरुजी ओरडले आणि त्यांनी समोरून माझा फोटो काढला. काच नव्हतीच, त्यामुळे फोटो चांगला आला. त्यांनी दोन्ही मोबाइल बॉनेटवर शेजारी ठेवले. दोन्हींत मीच, दोन्हींत नुसतं लुगडं.

"सेम टू सेम," मेस्तरी म्हणाले आणि हसायला लागले. गुरुजी हसले. मीही हसले, आणि हसताना खांदा दुखला म्हणून मुलाला शिवी दिली.

मुलगा दोन्ही फोटो आळीपाळीने पाहत होता.

"चूक माही व्हती," मी त्याला म्हटलं. "पदर माहा. मी पट्टा लावला ते तिनं पाह्यलं, मंग ती रस्त्याकडे पाहे. तिनं माह्याकडे पाह्यलं असतं तर तवाच उलटलो असतो. आता चावी आन."

"माय, गाडीले काच नाई, छत नाई. चावी कायले?"

"गाडी नाई मागत मी. चावी मागून राह्यली."

तो घरात गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्याने चावी माझ्या हातात दिली, मी ती सुनेसमोर धरली. तिने कणकीचा हात पदराला... तिला पदर नव्हता, ती ड्रेस घालते. ओढणीला पुसला आणि चावी आपल्या ड्युटीच्या पर्समध्ये टाकली.

"आई," ती म्हणाली, "तुमी पदर कवा घेता? मले तर कदी दिसलंच नाई."

"नको पाहू. रस्ता पाय."

गुरुजींनी दोन्ही फोटो लावून तक्रार टाकली. त्यांना खांद्याचाही फोटो जोडायचा होता. मी म्हटलं, खांदा तुम्हाला दाखवला, सरकारला नाही दाखवत. त्या तक्रारीचं उत्तर अजून आलेलं नाही. दर रविवारी ते तिघं मोबाइलवर पाहतात आणि खूश होतात, कारण उत्तर आलं की विषय संपेल.

गाडी महिन्याभराने उभी राहिली. छताचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा जास्त पांढरा आहे, हे मुलगा येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, नाही सांगितलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. खालच्या चटईतून अजून डाळ निघते. तिच्या वासाने उंदीर आला आणि त्याने एक वायर खाल्ली, म्हणून माझी तंबाखू आता दुप्पट जाते.

गाडी आली त्या आठवड्यात मी सुनेला म्हटलं, चल कारंज्याला, बहिणीने डाळीचं काय झालं विचारलं आहे. या वेळी मी पदर आधी घेतला आणि पट्टा त्यावरून लावला. कॅमेऱ्यापाशी ताठ बसले. तिथेच पट्ट्याने पदर ओढला आणि तो डोक्यावरून खाली आला. मी तसाच राहू दिला.

परत येताना ती जागा लागली. नालीपाशी आमच्या काचेचे तुकडे अजून चमकत होते. सुनेने गाडी हळू केली. पलीकडच्या शेतात रोह्यांचा कळप चरत होता. त्यातली एक तपकिरी मान वर करून आमच्याकडे बघत उभी राहिली. तीच होती की दुसरी, ते मी सांगू शकत नाही. पण त्या दुपारी त्या रस्त्यावर एकही रोही मेली नाही, हे शेतातल्या माणसांनी मला सांगितलं होतं. आम्ही तिघी होतो, सून, मी आणि ती रोही, आणि तिघी वाचलो.