उन्हात गाडी, सावलीत मेथी

ऑकलंडच्या विमानतळावर माझ्या चपला धुऊन मिळाल्या. तळाला पुण्याच्या गच्चीवरची माती चिकटली होती आणि परदेशी माती त्या देशात चालत नाही. गणवेशातल्या एका मुलीने चपला आत नेल्या, घासून चकचकीत केल्या आणि ओल्याच परत दिल्या. जुलै महिना, म्हणजे तिथला ऐन हिवाळा. बाहेर बोचरा पाऊस आणि मी ओल्या चपलांत. बागेसाठी आलेल्या बाईचं यापेक्षा योग्य स्वागत होणं कठीण.

होय, बागेसाठीच. माझी धाकटी बहीण मेधा ऑकलंडमध्येच, माउंट रॉस्किलला राहते. ती फार्मसिस्ट, तिचा नवरा मिलिंद संगणकाच्या कंपनीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक लाकडी घर घेतलं आणि मेधाने मागच्या अंगणात मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता लावला. दोन्ही हिवाळ्यांत बाग मेली. आता मिलिंदने तिथे काँक्रीट ओतून गाड्या उभ्या करायचं ठरवलं होतं. "ताई, एकदा येऊन बघ, मग काय ते होऊ दे," असं मेधा फोनवर म्हणाली. पेशंटला शेवटचं भेटून घ्या असं सांगतात, तसा आवाज होता.

मी बघितलं. काळी, चिखलट जमीन, वर शेवाळ. मेथीच्या वाफ्यात पिवळ्या दोऱ्या. कढीपत्ता म्हणजे कुंडीत खोचलेली काडी, तिला चार पानं.

"इथे विंटरमध्ये काही येतच नाही, ताई. क्लायमेटच तसं आहे," मिलिंद खिशात हात घालून म्हणाला. "शनिवारी काँक्रीटवाला येतोय."

मेधाने अजून आशा सोडली नव्हती. तिच्या दुकानातल्या बायकांनी तिला सांगितलं होतं, की इथले लोक हिवाळ्यात कुदळ धरत नाहीत, ते प्रेरणा गोळा करतात. "आपण फिरू या ना, ताई. हीप्स (ढीगभर) आयडिया मिळतात म्हणे." मी तीन आठवड्यांची रजा काढून आले होते. म्हटलं, चला, ढीग बघू.

पहिला ढीग नर्सरीत. तिथे रोपं मागे पावसात कुडकुडत होती आणि माणसं पुढे कॅफेत बसली होती. दुकानात मेणबत्त्या, सिमेंटचे बेडूक आणि बियांची पाकिटं होती. पाकिटांवर असे टोमॅटो, की त्यांचा फोटो काढणाऱ्यालाच प्रेरणा मिळाली असावी. आम्ही गाजराचा केक खाल्ला. चांगल्या गाजराचं असं करू नये.

दुसरा ढीग सार्वजनिक बागेत. गुलाब छाटलेले होते. प्रत्येक खुंटाशी नावाची सुबक पाटी. छत्र्या धरून लोक पाट्या वाचत होते आणि "लव्हली" म्हणत होते. मीही दोन-चार पाट्या वाचल्या. मग माझे पाय बधिर झाले.

तिसरा हिल्सबरोला, मार्गारेटबाईंकडे. मेधाच्या दुकानात औषधं न्यायला येणारी ही म्हातारी हिवाळ्यातली बाग लोकांना दाखवते. "किया ओरा," (माओरी भाषेतला नमस्कार) म्हणून तिने आम्हाला वाळक्या झुडपांमधून फिरवलं. हिवाळ्यात बागेची हाडं दिसतात आणि हाडंच खरी सुंदर, असं तिचं म्हणणं.

"आमच्याकडे अशी हाडं बंबात घालतात," मी म्हणाले. मेधाने माझा पाय दाबला, पण म्हातारी खो खो हसली. तिने आम्हाला व्हरांड्यात बसवून चहा दिला. चहा पाणचट होता. मात्र त्या देशात आल्यापासून पहिल्यांदा माझी पाठ शेकली. पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि ते थेट त्या व्हरांड्यात येत होतं.

शुक्रवारी सकाळी आभाळ निरभ्र होतं. मी न्हाले, खुर्ची उचलली आणि केस वाळवायला मागच्या अंगणात, दक्षिणेच्या भिंतीशी बसले. पुण्यात हिवाळ्यात माझी खुर्ची तिथेच असते. अकरा वाजले, ऊन आलं नाही. बारा वाजले, केसांतून पाणी ठिबकतच होतं. सूर्य होता, पण घराच्या पलीकडे. तेव्हा मी खुर्चीसकट घराला वळसा घातला आणि पुढच्या हिरवळीवर आले.

तिथे लख्ख ऊन होतं आणि त्या उन्हात मिलिंदची गाडी उभी होती. आदल्या संध्याकाळपासून हललेली नव्हती. बॉनेटला हात लावला, तर कोमट.

मी दोघांना बाहेर बोलावलं. मिलिंद घरून काम करत होता, मेधाची सुट्टी होती.

"हात लावा," मी म्हणाले.

"कशाला?" मिलिंदने हात लावला. "गरम आहे. मग?"

"तुमची गाडी ऊन खातेय आणि माझ्या बहिणीची मेथी सावलीत मरतेय. इथे हिवाळ्यात सूर्य उत्तरेकडे असतो, मिलिंदराव. बाग दक्षिणेला कोणी केली?"

"सांगलीला आमची बाग दक्षिणेलाच होती. थंडीत काय ऊन असायचं तिथे!"

"सांगली विषुववृत्ताच्या त्या बाजूला आहे."

मिलिंदने मान वर करून आकाशाकडे पाहिलं. "हे मला माहीत होतं," तो म्हणाला.

"मलाही होतं. तरी सकाळपासून मागे बसले होते."

"पण घर बघायला आलो तेव्हा मागे ऊन होतं," मेधा म्हणाली. तेव्हा जानेवारी होता, भर उन्हाळा, सूर्य डोक्यावर. घर दाखवणाऱ्या माणसाने ऊन कुठून येतं ते सांगितलं नव्हतं आणि या दोन पदवीधरांनी विचारलं नव्हतं. मेधा गाडीभोवती एक चक्कर मारून आली. "काँक्रीट मागेच ओतू दे. गाड्या मागे. मी इथे लावते."

"पुढे भाजी? मेधा, इथे पुढे लॉन असतं. रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे. दोन वर्षं मागे माझं सगळं मरत होतं, ते कोणाला दिसलं?"

मिलिंदने गाडीची किल्ली आणली.

शनिवारी काँक्रीटवाला आला. त्या थंडीत अर्धी चड्डी आणि जँडल (रबरी स्लिपर). मेधाने त्याला मागची सगळी जागा देऊन टाकली. जी बाग वाचवायला मी समुद्र ओलांडून गेले होते, तिच्यावर माझ्यादेखत काँक्रीट पडलं आणि मला जराही वाईट वाटलं नाही. पुढची हिरवळ आम्ही दोघींनी खणली. बी स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच मेथी. कढीपत्त्याची कुंडी भिंतीला टेकवली. जमीन गार, त्यामुळे निघेपर्यंत काहीही उगवलं नव्हतं. विमानतळावर मेधा रडली नाही, मेथीला पाणी किती घालू विचारत होती.

पुण्यात परतले तर धो धो पाऊस. चपला आठवड्यात पूर्ववत झाल्या. एका रविवारी मेधाचा फोन आला. "ताई, मेथी उगवली! शेजारची बाई विचारून गेली, हे काय म्हणून. आणि बाग पुढे करायची आयडिया आपलीच होती, असं मिलिंद तिला सांगत होता."

"सांगू दे," मी म्हणाले. "आता कुठे आहेत ते?"

"पुढे. खुर्ची टाकून बसलाय. पाठ शेकतोय."